कुस्कोचे सान पेद्रो रेल्वे स्थानक : तिकिटापासून फलाटापर्यंतचा योग्य क्रम

पेरूमधील कुस्को शहरातून रेल्वेने माचू पिक्चू या इन्कांच्या प्राचीन डोंगरी नगरीला निघालेल्या प्रवाशांची एक चूक ठरलेली असते. तिकीट 'कुस्कोहून' काढले जाते, पण कुस्कोतील कोणत्या स्थानकावरून, हे प्रवासाच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी नीट वाचत नाही. सान पेद्रो हे शहराच्या जुन्या भागातील, बाजाराला लागून असलेले ऐतिहासिक स्थानक बहुतेकांच्या मनात असते; प्रत्यक्षात हातातले तिकीट दुसऱ्याच ठिकाणाहून सुटणाऱ्या गाडीचे, किंबहुना बसचे असते. दुसरी चूक क्रमाची आहे. आधी विमान, मग हॉटेल, मग रेल्वे आणि सर्वांत शेवटी माचू पिक्चूची प्रवेशिका, असा उलटा क्रम धरल्यामुळे पुढचे सगळे वेळापत्रक ओढाताणीचे होते. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत. एखादा टप्पा पुढेमागे केल्यास आधीचे काम पुन्हा करावे लागण्याची शक्यता आहे.

## टप्पा १ : चार स्थानकांतील फरक समजून घेणे

माचू पिक्चूच्या किंवा कुस्कोच्या रेल्वे तिकिटावर पुढील चारपैकी एका स्थानकाचे नाव असू शकते.

सान पेद्रो हे स्थानक शहराच्या मुख्य चौकापासून, म्हणजे प्लासा दे आर्मासपासून, पायी दहा ते पंधरा मिनिटांवर आहे. त्याच्यासमोर सान पेद्रोचा मोठा बाजार आणि जवळच त्याच नावाचे जुने चर्च आहे. येथून अरुंद रुळांची, ९१४ मिलिमीटर गेजची गाडी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरते.

वांचाक हे दुसरे स्थानक आव्हेनिदा एल सोल या रुंद रस्त्याच्या खालच्या टोकाला आहे. तेथील रूळ वेगळ्या, रुंद गेजचे असून ते पुनो आणि टिटिकाका सरोवराच्या दिशेने जातात. हे रूळ सान पेद्रोच्या रुळांना जोडता येत नाहीत, त्यामुळे वांचाकहून माचू पिक्चूची रेल्वे सुटूच शकत नाही. तरीही पेरूरेल कंपनीच्या माचू पिक्चूच्या काही तिकिटांवर वांचाक हे नाव असते, कारण पावसाळ्यात तेथून बस सुटते आणि ती प्रवाशांना पुढच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेते.

पोरोय शहराबाहेर सुमारे १३ किलोमीटरवर आहे. सान पेद्रोहून निघालेली गाडी डोंगर चढून याच बाजूला उतरते. काही गाड्यांची सुरुवात पोरोयहून ठेवली जाते तेव्हा पहाटे टॅक्सीने तेथे जावे लागते.

ओयांतायतांबो हे कुस्कोहून रस्त्याने दीड ते दोन तासांच्या अंतरावरील गाव आहे. माचू पिक्चूच्या बहुसंख्य गाड्या येथूनच सुटतात. 'कुस्को–माचू पिक्चू' असा शोध घेतला असताना स्वस्त आणि सोयीच्या वेळेची म्हणून जी गाडी सर्वांत वर दिसते, ती बहुधा याच स्थानकाची असते.

पडताळणी : तिकिटावर 'निर्गमन स्थानक' या रकान्यात सान पेद्रो असे स्पष्ट लिहिलेले आहे का, आणि वाहनाच्या रकान्यात केवळ रेल्वे आहे की बस आणि रेल्वे असे दोन्ही आहे, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. बस आणि रेल्वे अशा जोडसेवेला तेथे 'बिमोदाल' म्हणतात. हा शब्द तिकिटावर दिसला, तर त्या दिवशी सान पेद्रोचा फलाट तुमच्या वाट्याला येणार नाही.

## टप्पा २ : महिना निवडणे

सान पेद्रोहून थेट रेल्वे वर्षभर मिळत नाही. साधारणपणे मे ते डिसेंबर या काळात ती धावते आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये तिच्या जागी बिमोदाल सेवा असते. याचे कारण पाऊस आहे. कुस्को आणि ओयांतायतांबो यांच्यामधील घळीतून जाणाऱ्या रुळांवर पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असतो.

आपल्याकडील पावसाची सवय येथे दिशाभूल करते. जून ते सप्टेंबर हे आपले पावसाचे महिने कुस्कोमध्ये कोरडे, स्वच्छ आभाळाचे आणि कडक थंड रात्रींचे असतात, तर नोव्हेंबर ते मार्च हा तेथील पावसाचा काळ असतो. म्हणून मे महिन्याची शाळांची सुट्टी या प्रवासाला अतिशय सोयीची आहे. दिवाळीची सुट्टीही चालते, मात्र छत्री आणि थोडा मोकळा दिवस हाताशी ठेवावा. नाताळच्या सुट्टीत निघून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्थानक पाहू, असा बेत करणाऱ्यांना मात्र बहुधा बसच मिळते.

जून महिन्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. २४ जूनला इंती राइमी हा मोठा उत्सव असतो आणि त्याच्या आसपास जुन्या शहरातील अनेक रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले जातात. त्या दिवसांत स्थानकाला टॅक्सीने जाण्याचा विचार सोडून द्यावा आणि पायी जाता येईल असे हॉटेल निवडावे.

## टप्पा ३ : आधी प्रवेशिका, मग गाडी

सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून तो सविस्तर सांगतो.

माचू पिक्चूची प्रवेशिका आणि रेल्वेचे तिकीट या दोन पूर्णपणे स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रवेशिका पेरूच्या संस्कृती मंत्रालयाकडून दिली जाते. तिच्यावर तारीख, प्रवेशाचा तास आणि आत कोणत्या मार्गाने फिरायचे, हे छापलेले असते. आतील मार्ग तीन गटांत विभागलेले आहेत आणि एका मार्गाची प्रवेशिका असताना दुसऱ्या मार्गावर जाता येत नाही. प्रसिद्ध छायाचित्रांतील वरून दिसणारे दृश्य आणि खालची बांधकामे हे दोन्ही एकाच फेरीत पाहायचे असतील तर दुसऱ्या गटाची प्रवेशिका लागते. तीच सर्वांत आधी संपते. जून ते ऑगस्टसाठी ती कित्येक आठवडे अगोदर घ्यावी. रेल्वेच्या जागा त्या मानाने नंतरही मिळतात. म्हणून प्रवेशिका हाती येईपर्यंत गाडीचे पैसे भरू नयेत.

आता वेळेचा हिशोब पाहू. सान पेद्रोहून माचू पिक्चू पुएब्लो, म्हणजे पायथ्याचे आग्वास कालियेन्तेस हे गाव, सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि गाडीला चार तासांच्या आसपास लागतात. गाडीतून उतरल्यावर डोंगरावरील प्रवेशद्वारापर्यंत जाण्यासाठी वेगळी बस घ्यावी लागते. ती नागमोडी रस्त्याने पाऊण तासाच्या आत वर पोहोचते, पण तिच्यासाठी रांग असते आणि तिचे तिकीटही वेगळे असते. हे सर्व धरून गाडी पोहोचण्याची छापील वेळ आणि प्रवेशिकेवरील तास यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

सूर्योदय पाहण्याच्या हौसेने सकाळी सहाची प्रवेशिका घेणारे आणि त्याच दिवशीची सान पेद्रोची गाडी पकडू पाहणारे प्रवासी दर हंगामात आढळतात. हे गणित जुळत नाही. पहाटेची प्रवेशिका हवी असेल तर आदल्या दिवशीची गाडी घेऊन पायथ्याच्या गावात मुक्काम करावा लागतो. तसा मुक्काम केल्यास स्थानकही निवांत पाहता येते आणि माचू पिक्चूही, त्यामुळे वेळ आणि पैसा परवडत असेल तर मी दोन दिवसांच्या बेतालाच पसंती देईन.

सावधान : पायथ्याच्या गावात समक्ष काही प्रवेशिका मिळतात हे खरे आहे, परंतु त्यासाठी रांग लावावी लागते आणि हाती येणारी प्रवेशिका बहुधा पुढील दिवसाची असते. एका दिवसात जाऊन परत यायचे असेल तर या सोयीवर विसंबू नये.

योग्य क्रम असा आहे: प्रवेशिका, तिच्या तासाला जुळणारी जाण्याची गाडी, परतीची गाडी, प्रवेशद्वाराची बस, कुस्कोतील हॉटेल आणि शेवटी राजधानी लिमा ते कुस्को विमान. विमानांच्या फेऱ्या भरपूर असल्याने ते शेवटी घेतले तरी अडचण येत नाही.

## टप्पा ४ : नाव, कार्ड आणि कागदपत्रे

गाडी पेरूरेल आणि इन्का रेल या दोन कंपन्या चालवतात. दोन्हींच्या संकेतस्थळांवर प्रवाशाचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो आणि तोच तपशील स्थानकाच्या दारात पासपोर्टशी ताडून पाहिला जातो.

मराठी नावांची गफलत येथेच होते. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावे असतात, म्हणून अर्जात आडनावाचा रकाना मोठा किंवा दुहेरी असतो. आपण पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहिण्याच्या सवयीने मधले नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो. पासपोर्टमध्ये मात्र ते मधले नाव बहुतेकदा पहिल्या नावाबरोबर, 'दिलेले नाव' या ओळीत छापलेले असते. पासपोर्ट समोर उघडून ठेवावा आणि त्यात जी ओळ जेथे आहे तीच तशी त्या रकान्यात उतरवावी. दुसरे आडनाव मागितले आणि ते सक्तीचे नसेल तर रकाना रिकामा सोडावा. लग्नानंतर नाव बदलले असून पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर पासपोर्टवरील नावच ग्राह्य धरावे. तिकीट काढल्यानंतर पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल, तर जुना पासपोर्टही सोबत न्यावा आणि कंपनीला क्रमांकातील बदल आधीच कळवावा.

पैसे भरताना अडचण आली तर आधी आपले कार्ड तपासावे. भारतातील कार्डांवर परदेशी व्यवहार मूळतः बंद असतात आणि ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ते न करता तीन-चार वेळा प्रयत्न केल्यास कार्ड तात्पुरते अडवले जाण्याचा संभव असतो. भारत पेरूच्या साडेदहा तास पुढे आहे, हेही ध्यानात असावे. आपल्याकडील मंगळवारची सकाळ ही तेथील सोमवारची रात्र असते, त्यामुळे तारीख निवडताना घाई करू नये.

संकेतस्थळावर किंवा कोणाच्या सांगण्यातून अतिशय स्वस्त अशी 'स्थानिक गाडी' कानावर येते. ती केवळ पेरूचे नागरिक आणि तेथील रहिवासी यांच्यासाठी आहे. परदेशी पासपोर्टवर ते तिकीट मिळत नाही; कोणी मध्यस्थ मिळवून देतो म्हणाला तर दारात अडवले जाण्याची तयारी ठेवावी.

सावधान : भारताच्या यादीत पेरू हा पीतज्वराचा धोका असलेला देश आहे. कुस्को उंचावर असल्याने तेथे या रोगाची भीती नसली, तरी परतताना भारतीय विमानतळावर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते, म्हणून हे काम निघण्याच्या आठवड्यावर ठेवू नये.

## टप्पा ५ : उंचीची तयारी

कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे सान पेद्रोच्या फलाटावर नुसते उभे राहिलेला मनुष्य कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असतो. लिमा समुद्रकिनारी आहे आणि तेथून विमान दीड तासाच्या आत या उंचीवर आणून सोडते. शरीराला जुळवून घ्यायला मधला काळ मिळतच नाही.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय मुक्कामांच्या क्रमात आहे. कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात न थांबता थेट उरुबांबा खोऱ्यात, ओयांतायतांबो किंवा उरुबांबा या गावी उतरावे. ती गावे २,८०० मीटरच्या आसपास आहेत. तेथे दोन रात्री काढून मग कुस्कोला यावे आणि सान पेद्रोची गाडी त्यानंतरच्या सकाळी धरावी. कुस्कोतच थांबणे भाग असेल तर पहिल्या दिवशी चढाव चालणे, जड जेवण आणि मद्य टाळावे, पाणी वरचेवर प्यावे आणि गाडीचा दिवस तिसऱ्या दिवसाच्या आधी ठेवू नये.

उंचीच्या त्रासावरील ॲसिटाझोलामाइड हे औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार आणि गर्भारपण यांबाबत त्यांना स्पष्ट सांगावे. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी हा सल्ला तिकीट काढण्यापूर्वी घ्यावा.

पडताळणी : किरकोळ डोकेदुखी आणि झोप न लागणे हे पहिल्या दिवशी अनेकांना होते. बसल्या जागी दम लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही मात्र धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळच्या गाडीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे आणि खालच्या उंचीवर जावे.

## टप्पा ६ : सामान

गाडीत मोठी सुटकेस नेता येत नाही. प्रत्येक प्रवाशाला एक लहान पिशवी किंवा पाठपिशवी एवढीच मुभा असते. तिचे वजन आणि मापे तिकिटावर छापलेली असतात आणि ती विमानातील हातपिशवीपेक्षाही कमी असू शकतात. कुस्कोतील हॉटेले मोठे सामान एक-दोन रात्री ठेवून घेतात, म्हणून त्याची विचारणा आरक्षणाच्या वेळीच करावी. ज्यांचा मुक्काम परतल्यावर दुसऱ्या हॉटेलात आहे त्यांनी सामान कोठे राहणार, याचा आधी विचार करावा. रात्री उशिरा जुन्या हॉटेलात जाऊन बॅगा उचलणे त्रासाचे ठरते.

माचू पिक्चूमध्ये ४० × ३५ × २० सेंटिमीटरहून मोठी पिशवी आत नेता येत नाही. त्याच मापाची पिशवी निवडली की रेल्वे आणि प्रवेशद्वार या दोन्ही ठिकाणचा प्रश्न मिटतो. तिच्यात मूळ पासपोर्ट, छापील तिकिटे, प्रवेशिका, पाणी, पावसाचा पातळ कोट, डासांचे मलम आणि उन्हाची टोपी असावी. कपडे थरांचे घालावेत. कोरड्या हंगामात पहाटे स्थानकावर तापमान शून्याच्या जवळ असते आणि दुपारी पायथ्याच्या गावात, जे उंचीने बरेच खाली आणि दमट आहे, स्वेटर नकोसा होतो.

## टप्पा ७ : आदल्या दुपारी स्थानकाची पाहणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात रस्ता शोधावा लागतो.

प्लासा दे आर्मासच्या ला मेर्सेद चर्चच्या बाजूने काये मान्तास या रस्त्याने निघावे. तोच पुढे मार्केस या नावाने सान फ्रान्सिस्को चौकाशी येतो. चौक ओलांडल्यावर सान्ता क्लाराची कमान दिसते आणि तिच्याखालून सरळ गेले की बाजार व चर्च समोर येतात. स्थानक बाजाराच्या शेजारीच आहे. बाजाराच्या अनेक बाजूंना दारे असल्याने आत शिरून भलत्याच बाजूने बाहेर पडणारे प्रवासी गोंधळतात, म्हणून पाहणीच्या वेळी बाजारात न शिरता त्याला वळसा घालून स्थानकाचे दार शोधावे. हॉटेलपासून चालायला किती मिनिटे लागली ती नोंदवून ठेवावीत आणि पहाटेसाठी त्यांत पाच मिनिटे मिळवावीत. या उंचीवर ओझे घेऊन चालण्याचा वेग आपल्या नेहमीच्या अंदाजापेक्षा कमी पडतो.

आपल्याकडील फलाट तिकिटाची पद्धत तेथे आहे असे गृहीत धरू नये. फलाटाकडे प्रवाशांना तिकीट आणि पासपोर्ट पाहून सोडले जाते, म्हणून इमारतीचा दर्शनी भाग पाहण्याचे आणि बाहेरून छायाचित्रे घेण्याचे काम याच दुपारी उरकावे.

बाजाराभोवती खिसेकापूंचा उपद्रव आहे. पाठपिशवी पोटाशी धरावी, मोबाईल हातात मिरवू नये आणि पासपोर्ट कपड्यांच्या आतील पाकिटात ठेवावा.

पडताळणी : त्याच संध्याकाळी हॉटेलात 'आय पारो मान्याना?' असे विचारावे, म्हणजे उद्या बंद आहे का. कुस्को परिसरात संप आणि रास्ता रोको होतात आणि त्यांत रूळही अडवले जातात. जानेवारी २०२३मधील आंदोलनाच्या वेळी रेल्वे थांबवली गेली होती आणि माचू पिक्चूही काही काळ बंद ठेवण्यात आले होते. बंद असल्याचे कळल्यास रेल्वे कंपनीच्या मुख्य चौकाजवळील कार्यालयात रात्र होण्यापूर्वी जाऊन तारीख बदलून घ्यावी. सकाळी तेथे सगळ्यांचीच गर्दी होते.

## टप्पा ८ : प्रवासाची सकाळ

गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी स्थानकात हजर असावे. पहिलीच वेळ असेल तर पाऊण तास धरावा. पहाटे काळोख असेल तर पायी न जाता हॉटेलने बोलावलेल्या टॅक्सीने जावे. कुस्कोतील टॅक्सींना मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि सुटे सोल, म्हणजे पेरूचे चलन, जवळ ठेवावेत. चालकाला केवळ 'स्थानक' न म्हणता 'एस्तासिओन सान पेद्रो, फ्रेन्ते अल मेर्कादो' असे सांगावे, म्हणजे बाजारासमोरचे सान पेद्रो स्थानक. एवढे सांगितले की वांचाकला पोहोचण्याची शक्यता उरत नाही.

दारात तिकीट आणि मूळ पासपोर्ट तपासला जातो. पासपोर्टची छायाप्रत किंवा मोबाईलमधील फोटो यांवर भिस्त ठेवू नये. लहान मुलांचेही मूळ पासपोर्ट हातात काढून ठेवावेत. डब्याचा क्रमांक तिकिटावर असतो आणि चढताना डब्याच्या दाराशी पुन्हा तपासणी होते, म्हणून कागद पिशवीच्या तळाशी टाकू नयेत.

शाकाहारी प्रवाशांनी गाडीतील खाण्यावर अवलंबून राहू नये. आदल्या दिवशी बाजारातून पाव, चीज, केळी आणि संत्री घेऊन ठेवावीत. बाजारातील भाज्यांचे सूप शाकाहारी असेलच असे नाही, कारण ते अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेले असते. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाविना एवढेच म्हटले तर कोंबडी त्यात धरली जात नाही, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असे तिन्ही सांगावे.

## टप्पा ९ : स्थानकाबाहेर पडतानाचा पहिला तास

सान पेद्रोहूनच गाडी धरण्याचा आग्रह ज्या कारणासाठी करावा, ते कारण या पहिल्या तासात आहे. कुस्को शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेले असल्याने गाडीला थेट बाहेर पडता येत नाही. ती उतारावरील वस्तीतून थोडी पुढे चढते, थांबते, सांधा बदलला जातो, मग ती उलट्या दिशेने आणखी वर जाते आणि हाच प्रकार पुन्हा पुन्हा करीत एल आर्को नावाच्या खिंडीपर्यंत पोहोचते. बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९पर्यंत वापरात असलेल्या रिव्हर्सिंग स्टेशनविषयी ज्यांनी वाचले आहे त्यांना यातील तत्त्व लगेच कळेल. येथे ते एका शहराच्या घरांमधून आणि अंगणांलगत पाहायला मिळते. गाडी मागे जाऊ लागली म्हणून बिघाड झाला असे समजून कोणी उठून उभे राहू नये.

खिंडीनंतर गाडी पोरोयकडे उतरते, अंताच्या सपाट शेतीच्या मैदानातून जाते आणि अरुंद घळीतून पाचारजवळ उरुबांबा नदीला मिळते. पुढे नदीचा सहवास मुख्यतः डाव्या बाजूला असतो, म्हणून जागा निवडण्याची संधी मिळाल्यास जाताना डावी बाजू मागावी. छताला काचा असलेले डबे महाग असतात. घळीतील उभे कडे पाहण्यासाठी ते उपयोगी पडतात, पण स्थानक आणि वळणांचा चढ एवढाच हेतू असेल तर साध्या डब्यानेही काम भागते.

## टप्पा १० : परतीची गाडी

परतीच्या तिकिटाचे शेवटचे स्थानकही वेगळे वाचावे. जाताना सान पेद्रो आणि येताना ओयांतायतांबो असे मिश्र तिकीट अनेकदा निघते आणि प्रवाशाला ते अर्ध्या वाटेत उतरवले गेल्यावर कळते. असे तिकीट वाईट नाही. ओयांतायतांबोहून बस कुस्कोला लवकर पोहोचते, फक्त ती सान पेद्रोला येत नाही, एवढे माहीत असावे.

वर्षभर तेथे संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. सान पेद्रोपर्यंत परत येणारी गाडी त्यामुळे रात्री पोहोचते. खिंडीवरून उतरताना शहराचे दिवे दिसतात, घळ मात्र काळोखातच जाते. दिवसाउजेडी सगळे पाहायचे असेल तर सान पेद्रोचा प्रवास जातानाच ठेवावा.

पायथ्याच्या गावातील स्थानक हस्तकलेच्या दुकानांच्या दाटीमागे आहे आणि त्या गल्ल्यांतून वाट काढावी लागते. डोंगरावरून बस उतरल्यावर थेट स्थानकाकडे निघावे; जेवण आणि खरेदी त्यानंतर वेळ उरल्यास करावी.

सावधान : रात्री सान पेद्रोला उतरल्यावर बाजार बंद झालेला असतो आणि परिसर सामसूम असतो. हॉटेलला गाडीची वेळ आधी कळवून टॅक्सी मागवावी आणि ती येईपर्यंत स्थानकाच्या दाराशीच, इतर प्रवाशांसोबत थांबावे.

## गाडीने जायचे नसेल तर

पावसाळ्यात आलेल्यांना, किंवा ज्यांचे तिकीट ओयांतायतांबोचे आहे त्यांनाही, सान पेद्रोची भेट घेता येते. टप्पा ७ मधील पायी मार्गाने सकाळी यावे, इमारत बाहेरून पाहावी आणि नंतर बाजारात शिरावे. सकाळी फळांच्या रसाच्या आणि पावाच्या गाळ्यांवर गर्दी कमी असते. गाड्या धावत असलेल्या महिन्यांत एखादी गाडी उतारावरून चढताना पाहायची असेल, तर सुटण्याची वेळ कंपनीच्या कार्यालयातून विचारून घ्यावी. रुळांलगतच्या वस्तीत एकट्याने भटकण्यापेक्षा शहराच्या त्या बाजूला गच्ची असलेल्या एखाद्या हॉटेलात उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बाजारात कोकाची पाने उघडपणे विकली जातात आणि उंचीचा त्रास कमी करण्यासाठी त्यांचा चहाही सर्वत्र दिला जातो. तेथे ते कायदेशीर आहे. भारतात मात्र अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाच्या पानांचा समावेश आहे, म्हणून पाने, चहाच्या पुड्या किंवा कोकाच्या गोळ्या यांपैकी काहीही परतीच्या सामानात ठेवू नये आणि विमानतळाकडे निघण्यापूर्वी जॅकेटचे खिसे व पाठपिशवीचे लहान कप्पेही रिकामे करून पाहावेत.